बेबनावाला दोघे लागतात

वर्तकनगर, ठाणे
१२ फेब्रुवारी १९९१

तुळसा,

हे पत्र फाडायचे असेल तर वाचून फाड. तू सातवी पास आहेस आणि तुला सगळे नीट वाचता येते, हे तुझ्या बहिणीने, सगुणानेच मला सांगितले होते.

तीन वर्षांपूर्वी, तिच्या मृत्यूच्या खटल्यातून तिचा नवरा महिपत निर्दोष सुटला, त्या दिवशी तू कोर्टाच्या पायऱ्यांवर मला चप्पल फेकून मारलीस. भुवईला तीन टाके पडले. घरी मी सांगितले की पायरी चुकून पडले. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मी सगुणाच्या मुलीबद्दल, रतनबद्दल लिहिते आहे.

महिपत तिला घेऊन डोंबिवलीला गेला, हे तुला माहीत आहेच. तिथल्या केमिकल कंपनीत लागला आहे. परवा मी तिथल्या एका शाळेत निबंध स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. सातवीच्या वर्गात एक मुलगी पेन मुठीत धरता येत नाही म्हणून दोन बोटांच्या चिमटीत धरून लिहीत होती. वहीवर नाव होते रतन महिपत नाखवा. मी तिचा हात उलटा केला. तळवा भाजून सोलला होता आणि नवी कातडी गुलाबी, चकचकीत आली होती. मानेवर, वेणीच्या खाली, पट्ट्याच्या बकलाचा चौकोनी वळ.

मी विचारले, कशाने भाजले. तिने हजेरी द्यावी तसे सांगितले.

"चपाती करपली. बाबांनी हात तव्यावर ठेवला. बाबा बोलतात, मी आईवर गेलेय. माझंपण आईसारखंच होणार."

मुख्याध्यापकांना सांगितले. ते म्हणाले, बिनआईची पोर आहे, बाप शिस्त लावत असेल.

तू मावशी आहेस. मुलीचा ताबा मिळावा म्हणून कोर्टात अर्ज कर. माझा जुना विद्यार्थी देवराम आता ठाण्यात वकिली करतो, तो तुझ्याकडून फी घेणार नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की अडचण एका कागदाची येईल. महिपतचा वकील सगुणाचा मृत्यूपूर्व जबाब पुढे करील, कारण त्यात मारहाणीचा शब्द नाही. तो जबाब मी घेतलेला आहे. ती बोलली आणि मी लिहिले. तो बदलता येत नाही, पण रतनच्या हाताचा डॉक्टरी दाखला मिळवता येईल.

त्वरा कर.

कुमुदिनी टिपणीस


३ मार्च १९९१

तुळसा,

माझे पत्र तू परत पाठवलेस. पाठीमागे तुझी एक ओळ आहे. "सगुना काय बोलली ते जसंच्या तसं लिवून द्या मंग अर्जाचं बघू."

जसेच्या तसे म्हणजे काय, ते मी तुला सांगते, कारण तुझा समज झालेला दिसतो की मी काही दडवले.

तेव्हा मी शाळेत मराठी शिकवत होते. सरकारने मला विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमले होते. नाव मोठे, काम मुलांच्या मार्कलिस्टांच्या नकलांवर शिक्के मारण्याचे. पण जळालेल्या बायकांचे जबाब घ्यायलाही आम्हालाच बोलावत. २३ मार्च १९८६ला सकाळी साडेआठ वाजता हवालदार घरी आला. सरकारी दवाखान्याच्या जळीत वॉर्डातून तुला बाहेर काढायला मीच सांगितले. नातेवाईक आत नकोत, असा नियम आहे. तू दाराला धक्के मारत होतीस. डॉक्टरांनी लिहून दिले की रुग्ण शुद्धीवर आहे. मग मी स्टुलावर बसले आणि जबाब घेतला.

सगुणा थांबत थांबत बोलत होती. ओठ राहिलेले नव्हते. मी मुलांना तीस वर्षे सारांशलेखन शिकवले. उताऱ्याचा एक तृतीयांश, मुद्दा सोडायचा नाही, पाल्हाळ काढायचा. तसेच मी लिहिले. "आम्हा पती-पत्नीत बेबनाव होता. त्या रागात मी स्वतः अंगावर रॉकेल असताना काडी ओढली." तिच्या अंगठ्यावर कातडी नव्हती, म्हणून पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला.

बेबनाव हा शब्द तुला खटकतो, हे मी समजू शकते. पण तो चुकीचा नाही. बनाव म्हणजे जुळणे, मेळ बसणे. हल्ली लोक बनाव म्हणजे रचलेले खोटे एवढेच समजतात. तो नंतरचा अर्थ. बे म्हणजे नसणे. मेळ नसणे तो बेबनाव. भावाभावांत, सासूसुनांत, पक्षांत, संस्थेच्या मंडळात, कुठेही हा शब्द चालतो. कोर्टात महिपतच्या वकिलाने मला हाच अर्थ विचारला. तू मागच्या बाकावर होतीस, तुला आठवत असेल. त्याने आधी थट्टा केली, बाई, बनाव की बेबनाव. लोक हसले. मला राग आला आणि मी वर्गात सांगावा तसा अर्थ सांगितला. मग तो म्हणाला, "म्हणजे एकट्याचा बेबनाव असू शकत नाही?"

मी म्हटले, "नाही. बेबनावाला दोघे लागतात."

उत्तर बरोबर होते. आजही कोणताही शब्दकोश काढून बघ. त्या उत्तरावर महिपत सुटला, हेही खरे. पण मी अर्थ खोटा सांगितला नाही.

अर्जाचे काय केलेस? डॉक्टरी दाखल्यासाठी मी परत त्या शाळेत गेले होते. रतन चार दिवस गैरहजर आहे.

कु. टिपणीस


२१ मार्च १९९१

तुळसा,

अक्षर वाईट आहे. डाव्या हाताने लिहिते आहे.

मंगळवारी संध्याकाळी महिपत माझ्या घरी आला. कपडे स्वच्छ, केसांना तेल. मी एकटीच होते. उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभा राहिला आणि नमस्कार केला. म्हणाला, बाई, तुम्ही शाळेत माझ्या पोरीची चौकशी करताय असं ऐकलं.

मी म्हटले, करते आहे.

तो म्हणाला, "कशाला ते? तुमच्यामुळेच मी सुटलो. मी तर तुमचे पाय धरायला पाहिजेत. आमचं दोघांचं जमत नव्हतं, हे तुम्हीच सांगितलंत ना? मग आता परत बेबनाव कशाला लावता?"

मी दार लावायला गेले. त्याने ते एका हाताने थोपवले, दुसऱ्या हाताने माझे मनगट धरून चौकटीवर ठेवले आणि दार ओढून आपटले. मी ओरडले. त्याने दार पुन्हा उघडले. मला वाटले, सोडतो आहे. त्याने हात सरकू नये म्हणून नीट धरला आणि पुन्हा आपटले. दुसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे बघून आपटले. दोन बोटे मोडली, तिसऱ्याचे नख निघाले. मग त्याने चपला घातल्या. जिना उतरताना शेजारच्या मनुबाईंना म्हणाला, बाईंचा हात दारात सापडलाय, बघा जरा.

मनुबाईंनी मला दवाखान्यात नेले, मग चौकीत. तिथे हवालदाराने माझी तक्रार ऐकली, मान हलवली आणि लिहिले. वाचून दाखवा म्हटल्यावर वाचले. "तक्रारदार बाई व इसम महिपत यांच्यात जुना बेबनाव असून त्यातून किरकोळ झटापट होऊन बाईंच्या हातास दुखापत झाली."

मी म्हटले, हा शब्द खोडा.

तो म्हणाला, "का, बाई? चांगला शुद्ध शब्द आहे."

त्याच्या टेबलासमोर, हाताला फडके गुंडाळून, मी त्याला सांगू लागले की मी महिपतशी भांडले नाही, मी फक्त माझे दार लावत होते, दार त्याने आपटले, दोनदा आपटले. तो म्हणाला, हो हो, आलंच की त्यात सगळं. मी वाक्य पुन्हा वाचले. त्यात महिपत काहीच करत नव्हता. दारही नव्हते. झटापट झाली, दुखापत झाली. जे काय केले ते झटापटीने केले.

अर्धा तास बसून मी त्याला शब्द शब्द सांगून लिहायला लावले. महिपतने माझा उजवा हात चौकटीवर धरला. महिपतने दार आपटले. महिपतने दार पुन्हा आपटले. तो कंटाळला. म्हणाला, एकच नाव किती वेळा लिहू.

तुझ्या ओळीचे उत्तर मी दिलेले नाही. देते. हात दुखतो आहे, जरा वेळ लागेल.

कु. टि.


९ एप्रिल १९९१

तुळसा,

जसेच्या तसे.

आधी एक गोष्ट, जी तुला माहीत नाही. सगुणा त्या वर्षी आमच्या कॉलनीत मासळी घेऊन येत असे. माझ्या दारात बसून बोंबील साफ करून देई. जानेवारीत एकदा आली तेव्हा डावा डोळा बंद होता. दुसऱ्यांदा आली तेव्हा टोपली उजव्या हाताने उतरवली, डावा कोपर वळत नव्हता. म्हणाली, मोरीच्या दगडावर आपटला. कोणी आपटला, ते मी विचारले नाही. तिनेच सांगितले, नवरा. पुढे म्हणाली, बाई, तुम्ही शिकलेल्या, सरकारचा शिक्का आहे तुमच्याकडे, माझ्यासाठी एक अर्ज लिहा.

मी अर्ज लिहिला नाही. मी तिला पाणी दिले आणि म्हटले, सगुणा, तुमच्यात बेबनाव आहे, तो सगळ्या घरांत असतो. दोघांनी थोडे थोडे मागे यायचे. तिला शब्द कळला नाही. मी अर्थ सांगितला. तिने दोनदा म्हणून बघितला. नंतर टोपली उचलताना हसून म्हणाली, "आमच्याकडं बेबनाव झालाय, असं सांगू ना तुळसाला?"

मार्चमध्ये वॉर्डात तिने मला ओळखले. मी "तुझे नाव काय" असे नियमाप्रमाणे विचारले, तर ती म्हणाली, बाई, तुमी? मग ती जे बोलली ते हे. पाच वर्षे हे माझ्याकडे आहे, एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही.

"बाई, तुमी बोल्लेल्या बेबनाव. बेबनाव नाय. तो मारतो, मी मार खाते. यात दोगं कुठं हायेत? काल पट्ट्यानं मारलं. मंग घासलेट वतलं त्यानं, माज्या डोक्यावर. काडीपेटी माज्या हातात दिली. बोल्ला, लाव, नाय तर पोरीवर वततो. पोर तिथंच होती, भिंतीजवल. त्यानं डबा उचलला पोरीकडं. मंग मी लावली. बाई, लिवा, मी लावली, पन पोरीसाठी लावली."

मधे एकदा ती "वतलं त्यानं" म्हणाली, तेव्हा मी म्हटले, ओतलं म्हण, नीट बोल, मला लिहायचंय. हेही मी सांगितलेच पाहिजे. ती थांबली आणि तिने ओतलं म्हणायचा प्रयत्न केला. तिला ओठ नव्हते.

मग मी दोन ओळींचा सारांश लिहिला.

मी स्वतःला पुष्कळ कारणे सांगत आले. बाई भ्रमात असेल. काडी तिने ओढली एवढाच मुद्दा. कागदावर जागा थोडी होती. खरे कारण एक आहे. तिचे बोलणे लिहायचे तर पहिलेच वाक्य माझे होते. ती माझ्याकडे अर्ज मागायला आली होती आणि मी तिला एक शब्द शिकवून परत पाठवले, हे मला माझ्याच हाताने, माझ्याच शिक्क्याखाली लिहावे लागले असते. म्हणून मी शब्द ठेवला आणि "नाय" काढला.

कोर्टात वकिलाने विचारले होते, बेबनाव हा शब्द मयताचा की तुमचा. मी शपथेवर म्हटले, तिचा. तिच्या तोंडून तो शब्द आला होता, यावर मी तीन वर्षे झोपले आहे.

रतन भिंतीजवळ होती. सात वर्षांची होती. आता ती त्याच माणसाजवळ आहे आणि तो तिला सांगतो, तुझंही तसंच होणार. तुळसा, अर्ज कर. हे सगळे मी कोर्टात सांगेन.

कुमुदिनी टिपणीस


२८ जुलै १९९१

तुळसा,

परवा तू साक्षीदार म्हणून बाहेर व्हरांड्यात होतीस. आत काय झाले ते तुला माझ्याकडून कळावे.

त्याआधी एक. माझे एप्रिलचे पत्र मिळाल्यावर बारा दिवसांनी तू दारात आलीस. मला वाटले, मारशील. मी मागे सरकले नाही. तू माझ्या मोडक्या बोटांकडे बघितलेस आणि एवढेच म्हणालीस, सही कुठं करू. पाणी विचारले तर नको म्हणालीस. ते योग्यच होते. आपल्यात काही मिटलेले नाही, याची मला कल्पना आहे.

कोर्टात महिपतचा वकील तोच होता. थोडा जाडा झाला आहे. त्याने जुना जबाब माझ्या हातात दिला आणि म्हणाला, हे आपलेच अक्षर ना, बाई. मी हो म्हटले. मग त्याला वाटले, काम झाले. त्याने जुनाच प्रश्न विचारला, हा शब्द मयताचा ना?

मी म्हटले, "तिने म्हटले होते, बेबनाव नाय. नाय मी लिहिला नाही."

त्याने विचारले, मग काय बोलली ती. मी सांगितले. तिच्याच भाषेत, घासलेट वतलं, पोरीवर वततो, सगळे. कारकुनाने टाइप करताना "ओतले" केले. मी न्यायाधीशांना विनंती केली की ते "वतलं" करावे. त्यांनी करायला सांगितले.

माझे बोलणे चालू असताना महिपत उभा राहिला. शिवी दिली नाही. रतन देवरामशेजारी बसली होती, तिच्याकडे बघून त्याने हाताची फक्त मूठ केली, डबा उचलावा तशी. रतनने बाकावरच लघवी केली. ते न्यायाधीशांनी पाहिले. माझ्या साक्षीपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असावा.

बाहेरचे तुला माहीत आहेच. ताब्याचा निकाल लागेपर्यंत मुलगी मावशीकडे राहील, असा हुकूम झाला. व्हरांड्यात त्याने रतनची वेणी हाताला गुंडाळून तिला जिन्याकडे ओढले आणि तू त्याच्या मनगटात दात रोवलेस. रक्त फरशीवर आले तरी सोडले नाहीस. दोन शिपायांनी तुला बाजूला केले, तेव्हा तुझ्या तोंडावर त्याचे रक्त होते आणि मुलगी तुझ्या पदराआड होती. शिपाई लिहून घ्यायला लागला, "दोन्ही बाजूंत". मी त्याची वही हातातून घेतली. काय घडले ते मी सांगितले आणि त्याने लिहिले. खाली माझी सही आहे, डाव्या हाताची.

कु. टि.


१८ सप्टेंबर १९९१

तुळसा,

निकाल देवरामने तुला वाचून दाखवला असेल. रतन कायमची तुझ्याकडे. महिपत वरच्या कोर्टात अपील करणार आहे, हेही कळले असेल. तोवर तिला एकटी पाठवू नकोस. शाळेत सोडायला आणि आणायला कोणीतरी मोठे माणूस जाऊ दे.

ती तुझ्या धाकट्याला मारते, असे तू देवरामकडे म्हणालीस. काल तिने त्याच्या डोक्यात पाट घातला, असे कळले. यावर काय करावे, मला माहीत नाही. माहीत असल्यासारखे लिहिणार नाही. तिला उलट मारू नकोस, एवढे सांगते, आणि तेही मला सांगायचा अधिकार नाही.

मला कोर्टाची नोटीस आली आहे. १९८८ साली शपथेवर खोटे सांगितल्याबद्दल माझ्यावर खटला का चालवू नये, याचे उत्तर मागितले आहे. दंडाधिकारीपदाचा शिक्का मी मागच्याच महिन्यात परत केला. घरचे लोक घाबरले आहेत. देवराम मात्र खूश होऊन आला. त्याने सोपी वाट काढली आहे. मी एकसष्ट वर्षांची. तेव्हा नक्की कोणता शब्द कोण म्हणाले हे वयोमानाने आता नीट स्मरत नाही, एवढे मी लिहून दिले की प्रकरण संपेल. डॉक्टरचा दाखलाही तो आणून देणार. एवढे केल्यावर कोणी बाईंना तुरुंगात घालणार नाही, म्हणाला.

मी त्याला विचारले, मला स्मरत नाही असे मी लिहून दिले, तर महिपतचा वकील अपिलात त्याचे काय करील.

देवराम फाइल चाळू लागला. हुशार मुलगा आहे, दहावीला मराठीत पहिला होता. मीच सांगितले. तो म्हणेल, बाईंना काही आठवत नाही, मग ते "बेबनाव नाय" तरी कशावरून आठवले; काढा ती साक्ष. साक्ष निघाली की पुन्हा माझे दोन ओळींचे अक्षर तेवढे उरेल आणि रतन डोंबिवलीला जाईल.

देवराम म्हणाला, बाई, सहा महिन्यांची तरी शिक्षा होईल. तुमची बोटं अजून वळत नाहीत. विचार करा.

उत्तर मी काल रात्रीच लिहून ठेवले होते, ते त्याच्या हातात दिले. १९८८ साली मी कोर्टात खोटे सांगितले, जाणूनबुजून सांगितले, आणि माझी स्मरणशक्ती उत्तम आहे.

कुमुदिनी टिपणीस